जोन्स बेटावरचं गवत

वडिलांना जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते, आणि क्लाराच्या भावाने, लिओनने, त्यांचा नकाशा साफ करून घेतला होता.

जुन्या कागदांच्या दुरुस्तीच्या दुकानात क्लारा टेबलापाशी उभी राहिली. समोर नकाशावर १८८६ सालचं मिलवॉकी शहर, उंच आभाळातून पाहिल्यासारखं: बिअरचे कारखाने, जहाजं, धुराडी. चित्रकाराला वर्गणी देणाऱ्यांची घरं खिडक्यांसकट; न देणाऱ्यांच्या जागी झाडं. सरोवराकाठच्या बंदराच्या तोंडाशी जोन्स बेटावर तर नुसतं गवत. परदेशातून येऊन तिथे वसलेल्या काशुब कोळ्यांनी वर्गणी दिली नव्हती, आणि जमिनीचा कागदही त्यांच्याकडे नव्हता.

बंदरासाठी बेट रिकामं केलं तेव्हा तिथेच जन्मलेले बाबा अकरा वर्षांचे होते. पुढे चाळीस वर्षं ते त्या गवतावर शिसपेन्सिलीने घरं काढत राहिले. जाळी वाळवायची चाकं, मासे धुरवायची खोपटी, कुणाचं दार कुठे उघडायचं तेसुद्धा.

आता गवत स्वच्छ होतं.

"कसला उजळलाय ना?" लिओन म्हणाला. "संग्रहालयाला असाच हवा होता. कुणीतरी गिरगटलेला कोण घेणार?"

"कुणीतरी?"

"अगं, म्हणजे बाबांनी. शब्दात नको पकडूस. खाली पितळी पट्टी लावणारेत, 'डेटलाफ कुटुंबाकडून भेट'."

"पट्टीवर नाव आणि नकाशावर गवत. वा! एकदा शहराने हाकललं त्यांना, आता तू."

दुकानाच्या ओडेगार्डबाई हळूच म्हणाल्या, "मी फोन करून विचारलं होतं हो यांना. पेन्सिलीचा हात फार नेटका होता. पुसू का नक्की, म्हटलं."

लिओन खिडकीबाहेर बघायला लागला.

म्हणजे विचारलं होतं. म्हणजे चुकून झालं नव्हतं.

क्लाराने कागद उचलून उजेडाकडे तिरपा धरला. कातड्याच्या कारखान्यात जाड चामड्यावर खुणा करून बाबांचा हात जड झाला होता. साधी चिठ्ठी लिहिली तरी पाठीमागे उमटायची. गवतातून बारीक खाचा वर आल्या. छप्पर. भिंत. सरोवराकडे उघडणारं त्यांचं स्वतःचं दार.

"बाई, पेन्सिल आहे?"

"क्लारा, वेडी झालीस? मग ते घेणार नाहीत!"

"नको घेऊ देत."

ओडेगार्डबाईंनी लिओनकडे न बघता पेन्सिल पुढे केली. क्लाराने दारापासून सुरुवात केली. रागाने तिने पेन्सिल दाबून ओढली. पहिलीच रेघ खाच सोडून गेली.

तिने ती पुसली नाही.