कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी

रेडिओ केंद्राच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली बॅटरीचं दुकान, वर केंद्राच्या दोन खोल्या, आणि मधला अरुंद जिना पाण्याच्या बाटल्या घेतलेल्या माणसांनी गच्च भरलेला. बॅटरीवाल्याने वैतागून शटर अर्धं ओढलं होतं. मग बाटल्याही विकता येतात हे लक्षात आल्यावर त्याने ते मुकाट्याने वर केलं. वरच्या खोलीत आवाजबाबा बसले होते. माणसाने त्यांच्यापुढे नुसतं "आ" म्हणायचं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि त्या एका "आ"वरून त्याचा भूतकाळ नि दुखणं ओळखायचे. मग बाटलीवर एक लांबलचक हुंकार सोडला, की पाण्याचं औषध झालं.

"जवळच्याच माणसाने तुम्हाला दुखावलंय, म्हणाले! कसं ओळखलं असेल?" डोळे पुसत उतरणाऱ्या एक बाई सांगत होत्या.

"मलाही तेच म्हणाले," मागून त्यांचे यजमान म्हणाले.

या गर्दीतून छाती फुगवून वर चढत होता तो केंद्राचा निवेदक. फुगणारच. हा चमत्कार गावाला त्यानेच तर मिळवून दिला होता.

निवेदकाचा 'आपली मोठी माणसं' नावाचा साप्ताहिक कार्यक्रम होता. त्यात तो गावातले व्यापारी, कारखानदार, पतसंस्थांचे आणि मंडळांचे अध्यक्ष यांच्या मुलाखती घ्यायचा. कार्यक्रम अतिशय लोकप्रिय आहे, असं एक मत होतं. ते मत निवेदकाचं होतं. मुलाखत देऊन गेलेला पाहुणा दुसऱ्याची मुलाखत कधी ऐकत नसे आणि स्वतःची ऐकायला त्याला धीर होत नसे. निवेदकाची बायको शाळेत गणित शिकवायची. ती त्या वेळेला हटकून इस्त्री काढायची आणि वर पंखा मोठा करायची. नेमाने ऐकणारी एकच श्रोती होती, ती म्हणजे निवेदकाची आई.

आवाजबाबांना व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी आणलं, 'समाजसेवक' म्हणून. कार्यक्रम थेट चालू होता. बाबांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि निवेदकाला म्हणाले, "प्रश्न राहू देत. तुम्ही फक्त आ म्हणा."

निवेदकाला आवाज लावायला सांगणं म्हणजे आयतंच निमंत्रण. त्याने खर्जातून सुरुवात केली आणि बराच वेळ थांबलाच नाही.

"पुरे, पुरे," बाबा म्हणाले. "पाणी दिसतंय. विहीर आहे. लहानपणी पडलात. थोरल्या बहिणीने शर्टाला धरून वर ओढलं."

"बाबा!"

"वडील गेले तेव्हा तुम्ही याच माईकसमोर होतात. पोचला नाहीत. तो काटा अजून गळ्यात आहे, म्हणून 'आ' मध्येच कापतो."

निवेदकाला हुंदका फुटला. "श्रोतेहो," तो भरल्या गळ्याने म्हणाला, आणि गळा छान भरून आलाय हेही त्याच्या लक्षात आलं, "हे मी आजवर कुणालाच, अगदी कुणालाच सांगितलेलं नाही!"

"आईंना साखरेचा त्रास आहे," बाबा पुढे म्हणाले. "गोळ्या बंद करा. गोळी आवाज मारते, आणि आवाज मेला की माणूस संपला. माझ्या हुंकाराचं पाणी द्या."

त्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्या बाजारात रेडिओ लावायला लावले होते; कार्यक्रम संपायच्या आत फोन खणखणू लागले. मग सिमेंटवाले आले. त्यांनी एके काळी पाठीवर पोती वाहिली हे बाबांनी ओळखलं. पतसंस्थेचे चेअरमन आले; ते मॅट्रिकला दोनदा नापास झाल्याचं बाबांना त्यांच्या "आ"मध्ये ऐकू आलं. एवढी मोठी माणसं हात जोडून उभी राहिल्यावर बाकीचं गाव कशाला मागे राहतं?

घरी आईने गोळ्यांचा डबा कपाटात वर ठेवून दिला.

"अहो, निदान डॉक्टरांना तरी विचारा," बायको म्हणाली. "साखर म्हणजे काय सर्दी आहे का?"

"हे बघ, सगळंच काही... विज्ञानाला कळत नाही," निवेदक म्हणाला. घरातसुद्धा तो मोठ्या शब्दाआधी छोटा विराम घ्यायचा.

आई हुंकाराचं पाणी पीत राहिली. तिची तहान वाढली, तेव्हा निवेदक म्हणाला, बघा, पाणी मागतंय शरीर. मग एका सकाळी आई उठेचना. जीभ कोरडी पडलेली, डोळे अर्धे उघडे, आणि निवेदकालाच विचारत होती, "तुम्ही कोण?"

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, सलाईन आणि इन्सुलिन लावायला सांगितलं आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" ज्याचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जायचा, त्याने नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं. आई गेली तर तिला आपणच मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. तो बाकावर बसून रडला. या वेळी गळा कसा भरून आलाय हे बघायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई भानावर आली. हाताला सुई, पण बोलणं नेहमीचं.

"आई, कशाला गं ऐकलंस त्या माणसाचं?"

"त्याचं कुठे ऐकलं? तुझं ऐकलं," आई म्हणाली. "ती विहीर तू सिमेंटवाल्यांच्या मुलाखतीत सांगितली होतीस. ते बिचारे पोती वाहिल्याचं सांगत होते, तर तू मध्येच विहिरीत उडी घेतलीस. तुझे वडील गेल्याचं चेअरमनसाहेबांना सांगितलंस, रडलासही. माझी साखर तर कार्यक्रमात दर महिन्याला असते. मला वाटलं, त्या माणसाने कार्यक्रम ऐकला असेल. पण तू म्हणालास, कुणालाच सांगितलं नाही. माझा मुलगा रेडिओवर खोटं कशाला बोलेल? म्हटलं, आपल्याच कानांना काहीतरी झालंय."

 निवेदक खरंच खोटं बोलला नव्हता; आपण काय काय बोलतो ते त्याला आठवतच नव्हतं.

घरी बायकोने मोबाइल पुढे केला. केंद्राच्या पानावर सगळ्या जुन्या मुलाखती होत्या, कुणीही ऐकाव्यात अशा. निवेदकाने त्या पहिल्यांदाच ऐकल्या. सिमेंटवाल्यांची पोती तिथे होती, चेअरमनसाहेबांचं मॅट्रिक होतं, आणि जिकडेतिकडे तो स्वतः होता. "तुमच्या बोलण्यावरून मला माझं आठवलं," असं म्हणून तो प्रत्येक पाहुण्याच्या तोंडचा घास काढून घेत होता. मुलाखत पाहुण्याची आणि चरित्र याचं! आवाजबाबांनी केलं होतं ते एवढंच. त्यांनी कार्यक्रम ऐकला होता. गावात तसं करणारं दुसरं फारसं कुणी नसल्यामुळे ते अंतर्ज्ञान ठरलं.

"पण लोक मानतील का?" निवेदकाने विचारलं. "नुसतं सांगितलं तर म्हणतील, बाबांशी भांडण झालंय."

"मग पडताळा घेऊ," बायको म्हणाली. "या आठवड्यात बर्फ कारखान्याचे मालक येतायत ना? त्यांना मध्येच तोडा आणि काहीतरी धादांत खोटं सांगा. कुणाला संशय येणार नाही. तुम्ही मध्येच बोललात, यात नवीन काय?"

निवेदकाला लागलं, पण त्याने तसंच केलं. बर्फवाले थंडीत धंदा कसा बसतो ते सांगत असताना तो म्हणाला, "थंडीवरून आठवलं. मला एक जुळा भाऊ होता. लहानपणीच तापाने गेला..." बर्फवाल्यांनी हळहळ व्यक्त केली आणि मग त्यांना पुढे बोलायला वेळच उरला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांना पुन्हा बोलावलं. जिन्यावर गर्दी होतीच. तिच्यासाठी बाहेर स्पीकर लावला. निवेदकाने "आ" केला, या वेळी आखूड.

बाबांनी डोळे मिटले. "आज एक वेगळंच ऐकू येतंय. तुमच्या आवाजामागे दुसरा आवाज आहे. अगदी तुमच्यासारखा. भाऊ... जुळा भाऊ. तापाने गेला. तो अजून तुमच्यातून बोलतो."

निवेदकाने फोनची जोडणी दिली. "श्रोतेहो, फोनवर माझी आई आहे."

"मला एकच मुलगा झाला," आई म्हणाली. "तोच पुरून उरलाय. दुसरा कुठून आणू?"

स्पीकरखाली कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा म्हणाले, मागच्या जन्मातला भाऊ असेल. निवेदकाने मागच्या आठवड्याची मुलाखत लावली, आपलंच ते थंडीचं वाक्य. मग सिमेंटवाल्यांची, मग चेअरमनसाहेबांची.  हुंकाराच्या बाटल्या समोर होत्या, पण बाबांनी साधं पाणी मागितलं आणि ते न पिताच मागच्या दाराने निघून गेले.

"श्रोतेहो," निवेदक म्हणाला, "हा माणूस तुम्हाला मी आणून दिला. तो तुमच्याबद्दल बोलला त्यातलं अर्धं सगळ्यांनाच लागू पडतं आणि उरलेलं याच माईकवरून गेलेलं आहे. माझी आई मरता मरता वाचली. गोळ्या बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांकडे जा. आणि यापुढे कुणी काही छातीठोकपणे सांगितलं, मी सांगितलं तरी, आधी विचारा, तुला हे कुठून कळलं? पडताळा घ्या. फसलो याची लाज माझ्या वाट्याला आली आहेच, ती तुम्ही घेऊ नका."

मग त्याने मुद्दाम बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलेल्या डॉक्टरीणबाईंना साखरेबद्दल एक प्रश्न विचारला आणि गप्प बसला. त्यांनी रुग्णालयातली एक हकिगत सांगितली, तेव्हा त्याला स्वतःची एक आठवली. तोंड उघडलंही. पण त्याने ते मिटलं.

घरी आला तेव्हा आई गोळ्यांचा डबा उघडून बसली होती.

"घेतेस ना गोळी?" त्याने मऊ आवाजात विचारलं. "मी आज रेडिओवर सांगितलंय."

"तू सांगितलंस म्हणून नाही," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. किती घ्यायची, कधी घ्यायची, का घ्यायची, सगळं विचारलं."

निवेदकाने पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे धरला. पाणी नळाचं होतं.