नमस्कार पैलवान

डोंबिवली स्टेशनच्या पश्चिमेला गोविंदाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भिंतीवर मांडी ठोकून उभ्या असलेल्या कुठल्याशा मल्लाचं जुनं कॅलेंडर. रविवारी सकाळी तिथे कुस्तीवेडी माणसं जमत, आणि त्यांचा एक नियम होता. ज्यांची नावं पेपरात छापून येतात, ज्यांना हत्तीवरून मिरवतात, त्यांचा विषय काढायचा नाही. त्यांचं कौतुक करायला सगळा मुलूख पडला आहे. इथे बोलायचं ते ज्यांना काळं कुत्रंही विचारत नाही त्यांच्याबद्दल.

हा नियम भिवाने घातलेला. खाडीकाठच्या आगरी गावचा हा माणूस १९५६ साली पन्नाशीला टेकला होता. अंगाने काडी. जन्मात एकदाही लांग कसलेली नाही. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुस्त्यांचा असा एक फड झाला नसेल, जिथे हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसला नाही. कुस्ती खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त कळते असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते मत तो पैलवानांनाही ऐकवायचा.

त्या रविवारी सहदेव रंगात आला होता. सहदेव मुंबईला कचेरीत कारकून, मूळचा राजापूरकडचा, आणि सगळ्या मंडळींत फ्रीस्टाइल बघितलेला तो एकटाच.

"परवा वरळीला गेलेलो," तो म्हणाला. "एका गोऱ्याने दुसऱ्याला हाताला धरून दोरावर फेकला. तो दोरावर आपटला आणि तसाच धावत परत ह्याच्याकडेच आला, मार खायला. अरे, सोडलाय ना तुला त्याने? मग घरी जा की रे."

गोविंदा भट्टीमागून हसला. "आणि तू सांगतोस तो, कठड्यावर चढून उडी मारणारा?"

"तो वर चढेपर्यंत खालचा पडून राहतो. त्याला जमतंय ना बाबा नीट, हे बघत."

महिपत मात्र हसला नाही. महिपत मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात कामाला होता, मूळ गाव कराडच्या खाली, आणि तरुणपणी चांगली दहा वर्षं मातीत घालवलेला. मोहन्याहून गाडी पकडून तो इथवर यायचा ते केवळ या गप्पांसाठी. सगळे त्याला पैलवान म्हणत आणि त्याच्या शब्दाला मान देत.

"त्याला कुस्ती म्हनू नगा," तो म्हणाला. "मातीतल्या डावाला कारन असतंय. पट काढला तर का काढला, हे सांगता आलं पायजे. ज्याला कारन न्हाई, तो डाव न्हवं, तमाशा."

मग एकेकाने आपापला विसरलेला मोहरा बाहेर काढला. सहदेवला भिवंडीचा पंढरी आठवला. त्याला एकच डाव यायचा, धोबीपछाड, तोही डाव्या अंगानेच. समोरच्याला आधीच ठाऊक असायचं, तरी वीस वर्षं तो कोणाला अडवता आला नाही. "आणि साधा एक फोटो नाही त्याचा कुठे," सहदेव हळहळला.

भिवाच्या डोक्यात मात्र वेगळंच काही शिजत होतं. त्याच्या गावची जत्रा दोन आठवड्यांवर आली होती. त्या जत्रेत जुनी रीत अशी, की कुस्त्या सुरू व्हायच्या आधी एखाद्या वडीलधाऱ्या पैलवानाला फेटा बांधायचा आणि त्याने आखाड्यात नारळ फोडायचा. तो फुटेपर्यंत कोणी मातीत पाय ठेवायचा नाही. दर वर्षी हा मान बाहेरच्या कोणा नामवंताला जायचा. यंदा गावाने महिपतला पंच नेमलं होतं आणि मानकरी ठरवायचं त्याच्यावरच सोपवलं होतं.

"पैलवान," भिवा म्हणाला, "नारलाचा मान यंदा आमच्या धाकूला द्या."

"कंचा धाकू?" महिपतने कप खाली ठेवला. "त्यो नमस्कार पैलवान?"

हॉटेलभर हशा पिकला. भिवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आता ही नमस्काराची भानगड सांगायला हवी. धाकू मिठागरावर राबणारा. त्यांच्या गावात पोरं कुस्ती खेळायची ती मिठाच्या वाफ्यात, आणि तिचा कायदा वेगळा. पाठ टेकवायची भानगडच नाही. खारट चिखलात कोण कोणाची पाठ टेकवणार? जो बांधापलीकडे पाण्यात गेला तो हरला, जो वाफ्यात राहिला तो जिंकला. या कुस्तीत धाकूला कोणी कधी पाण्यात घातलं नव्हतं. त्याची चालच विचित्र. समोरचा भिडला की हा पुढे यायच्या ऐवजी मागे मागे सरायचा, आणि बांधाशी पोचल्यावर काय व्हायचं कोण जाणे, पाण्यात समोरचाच पडायचा.

१९४९ साली कल्याणला मोठा फड भरला, तेव्हा भिवानेच हट्टाने धाकूचं नाव दिलं. समोर आला मिरजेकडचा हरिहर, उभ्या महाराष्ट्रात दबदबा असलेला. कुस्ती लागली आणि धाकू लागला मागे सरायला. लोक ओरडायला लागले, पळतोय, पळतोय. हरिहर रेटत राहिला. आखाड्याच्या कडेला आल्यावर धाकूने नेहमीसारखं काहीतरी केलं आणि हरिहरचा तो एवढा देह हवेतून बाहेर, थेट प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडला. गावची चाळीस माणसं एका आवाजात ओरडली, जिंकला. धाकू पाठ फिरवून त्यांच्याकडे वळला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

पण मातीच्या कुस्तीत बाहेर जाणं म्हणजे हरणं नव्हे. पंचाने दोघांना मधे यायची खूण केली. हरिहर उठून आत आला, धाकूने खूण पाहिलीच नाही, आणि जोडलेल्या हातांसकट हरिहरने त्याला मागून उचलून चीत केला. पाच हजार माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून तो नमस्कार पैलवान झाला. पुन्हा तो आखाड्याकडे फिरकला नाही. गावची जत्रा असली की हा एकटा मिठागरात मीठ ओढत असायचा.

"हरिहरला आजवर दुसऱ्या कोनी भायेर टाकला हाय?" भिवाने विचारलं. "एक नाव सांगा."

"टाकला, पर कसा टाकला?" महिपत म्हणाला. "मागं सरून कुस्ती व्हती व्हय? ज्या डावाला कारन न्हाई, त्यो नशिबानं लागलेला. नशिबाला मी फेटा बांधू?"

आयुष्यभर बघूनही ती चाल का चालते हे भिवाला सांगता येत नव्हतं, आणि बघणाऱ्याला जास्त कळतं म्हणणाऱ्या माणसाला ही मोठीच नामुष्की होती. "मग या की बघायला," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या रविवारी. त्याच्या वाफ्यात."

महिपत आला. सहदेवही आला, धोतराचा सोगा वर धरून, बांधावरून तोल सावरत. चैत्राचं ऊन पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत शिरत होतं. धाकू लांब दांड्याची फळी घेऊन मीठ ओढत होता, आणि त्याची बायको आवडाबाई ते टोपलीत भरून बांधावर ढीग घालत होती. धाकू आता बेचाळीसचा, केस पिकलेले, खांदे मात्र तसेच. भिवाने कशासाठी आलो ते सांगितलं. धाकूने फळी थांबवली नाही.

"कशाला उकरतंस ते? मी नाय येत."

"सात वर्सं जत्रेच्या दिवशी हा मानूस हितं मीठ वढतंय," आवडाबाई म्हणाली. "एकदा न्या याला मानसांत."

"मानाचं मागनं बघू," महिपत म्हणाला. सदरा काढून त्याने बांधावर ठेवला. "आधी ती चाल दाखवा. मला तिचं कारन पायजे."

कारण पाहिजे असं धाकूला कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्याने महिपतकडे नीट बघून घेतलं आणि फळी खाली ठेवली.

दोघे वाफ्यात उभे राहिले. महिपत भिडला, धाकू मागे सरला. महिपत रेटत राहिला आणि त्याला वाटलं, हा तर हातात आला. बांधाशी येताच धाकू टाचांवर खाली बसला, एक खांदा वळवला, आणि महिपत स्वतःच्याच जोराने बांधावरून पलीकडे पाण्यात गेला. बाहेर येऊन तो पुन्हा भिडला. पुन्हा पाण्यात. तिसऱ्या वेळी तो सावध होता, पाय रोवून उभा राहिला, तर धाकूने त्याला नुसता ओढत आणला आणि पाण्यात सोडला.

सहदेव हसायला लागला होता, पण महिपतचा चेहरा बघून थांबला. महिपत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वाफ्यात उमटलेल्या पावलांकडे बघत होता. त्याची स्वतःची पावलं चवड्याकडे खोल गेलेली. धाकूची सगळी सारखी, टाचेवर पक्की.

"मीठ वढताना मागंच चालावं लागतं," धाकू सांगू लागला. सावकाश, कारण तो हे पहिल्यांदाच शब्दांत मांडत होता. "पुढं रेटनारा चवड्यावर जातो. चवडा रुतला का मानूस आपला ऱ्हात नाय. मागं जानारा टाच टेकून बघतो, मगच भार देतो. त्याचा जोर आपल्याकडं येत ऱ्हातो. बांधावर तो नुसता सोडून द्यायचा."

"लाल मातीतबी चवडा रुततोय," महिपत हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "भिवादादा, या डावाला कारन हाय. आमच्या समद्या डावांपरीस जास्त हाय. नारळ याचाच."

भिवाची छाती फुगली. पण धाकूने मान हलवली.

"चाल खरी आसंल. लोकं मना हसली त्याचा काय? ती परत हसतील."

भिवाने सात वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती. बायकोलाही सांगितली नव्हती. तो बांधावर उकिडवा बसला आणि खाली बघत म्हणाला, "लोकं तुला नाय, मना हसाया पायजे व्हती. कल्यानला पहिला मीच वरडलू, जिंकला म्हनून. बाकीचे माझ्या मागून वरडले. मातीचा कायदा मना ठाव व्हता, धाकू. शंभर कुस्त्या बघितलेला मानूस मी. पन हरिहर भायेर पडला आन् मी सगला इसरलू. तू माझा आवाज ऐकून हात जोडलास."

"ठाव हाय," धाकू म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"तुझा आवाज मना कलत नाय काय?"

"मंग सात वर्सं बोल्लास का नाय?"

धाकूने फळी उचलली. "बोल्लो असतो तर तू कुस्ती बघायची सोडली असतीस. माझी सुटली ती सुटली, तुझी कशाला?"

महिपतने ओल्या हातांनीच तोंड पुसलं आणि उगाचच खाडीकडे बघत राहिला.

जत्रेला पंचक्रोशी लोटली होती. धाकू येईल की नाही हे आवडाबाईलाही सांगता येत नव्हतं. महिपतने मानकऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा गर्दीत अपेक्षेप्रमाणे खसखस पिकलीच. तेवढ्यात भिवा आखाड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. हा काडीपैलवान इथे कशाला, म्हणून लोक आणखी हसले. त्याने त्यांना हसू दिलं. मग कल्याणची हकीकत सांगितली, पहिली आरोळी कोणाची ते सांगितलं आणि म्हणाला, "हसायचा आसंल तर हा मी उभा हाय. पन हरिहरला भायेर टाकनारा मानूस उभ्या मुलखात एकच, आन् तो आपल्या वाफ्यातला हाय."

लोक हसले, अगदी मनापासून, आणि या वेळी भिवालाच हसले. त्या हसण्यातूनच मागच्या बाजूला कोणीतरी वाट करून देऊ लागलं. धाकू येत होता, धुतलेल्या सदऱ्यात, आवडाबाईच्या दोन पावलं पुढे. हसणं विरत गेलं. महिपतने स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधला. धाकूने मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि नारळ एका फटक्यात फोडला.

मग तो गावाकडे वळला. आखाड्यात यंदाचे पैलवान लांग कसून उभे होते, त्यांच्याकडे त्याने पाठ केली, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. घाई न करता, पोटभर, सात वर्षं राहून गेलेला नमस्कार त्याने केला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनीही हात जोडले, आणि त्यांचं बघून सगळ्या फडाने.

धाकूच्या मागे, पाठीला पाठ लावून, भिवा दोन्ही हात पसरून उभा होता. आखाड्यातले पहाडासारखे पैलवान त्याच्याकडे बघून हसत होते. पण धाकूचे हात खाली येईपर्यंत तो तिथून हलला नाही.