निकेलच्या हौदावरचा नळ

मित्रांनो, माझी चावी झिजलीय, तोंडाभोवती हिरवट डाग पडलेत. तरी मी अस्सल पितळी नळ आहे. ओतशाळेतून निघालो तो थेट या मुलाम्याच्या कारखान्यात लागलो. इथे कड्या-बिजागऱ्यांवर निकेल चढवतात. निकेलच्या द्रावणातून टोपली काढायची आणि माझ्याखालच्या हौदात बुचकळायची. सकाळी सातला मला सोडायचे, ते संध्याकाळीच बंद. "काय धार आहे गड्याची!" असं जुने कारागीर काका म्हणायचे आणि मी फुगून जायचो. हौदातलं हिरवं पाणी मात्र गटारात जायचं.

मग रस्त्यापलीकडे एकामागून एक नवे कारखाने उभे राहिले. कुणी चिप बनवी, कुणी सेन्सर, कुणी बॅटऱ्या. त्यांना आमच्याकडून तारांचे, मुलामा दिलेले जोड हवे होते. पण त्यांची अट होती, सांडपाण्यातलं निकेल ठरलेल्या मापात हवं, नाहीतर काम बंद. मालक वारल्यापासून कारखाना त्यांची मुलगी, आमची ताई, सांभाळत होती. जुनी गिऱ्हाइकं आटली होती. हे काम गेलं असतं, तर कारखान्याला टाळंच लागलं असतं.

पलीकडच्या कारखान्यातल्या तपासनीस बाई नमुन्याची बाटली घेऊन दारात आल्या, तशी काकांनी मला पुरतं सोडलं.

"काका, हे काय?"

"पाणी वाढवलं की आकडा खाली येतो, ताई. तुम्ही तिकडे बघा."

"पण विष तेवढंच राहतं ना?"

"हळू बोला की! बाई दारात आहेत."

"माझं लेकरू त्याच गटाराच्या कडेने शाळेत जातं, काका."

ताईने माझी चावी घट्ट आवळली. भर दुपारी मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. राग आला, खोटं कशाला सांगू?

ती सरळ बाईंना म्हणाली, "आज नमुना घेतलात तर आम्ही नापास. पण सुधारायचं कसं, ते तरी सांगा."

बाईंनी रिकामी बाटली पिशवीत ठेवली. "तीन महिने देते. आमच्याकडे हौद कसे लावलेत ते उद्या येऊन बघा. काकांनाही आणा."

"या वयात मला शाळेत घालता?" काका कुरकुरले.

"डबा मी देते," ताई म्हणाली.

काका गेले आणि बघून आले ते कामालाच लागले. एका हौदाचे तीन झाले. टोपली पहिल्याकडून तिसऱ्याकडे, पाणी मात्र तिसऱ्याकडून पहिल्याकडे; म्हणजे तेच पाणी तीनदा कामी. आता मी तिसऱ्या हौदावर बारीक धार सोडतो. शेवटी उरतं ते थोडं पाणी नव्या कारखान्यांनी मिळून उभारलेल्या शुद्धीकरण केंद्रात जातं. शेजारच्या सहा छोट्या कारखान्यांनीही आपलं पाणी तिकडेच वळवलं.

पहिल्या महिन्यात कमी पाण्यात नीट न धुतले गेलेले, डागाळलेले जोड परत आले. ताईने नेटाने ते पुन्हा करून दिले. दुसऱ्या महिन्यात तक्रारी कमी झाल्या. तिसऱ्यात बाईंनी बाटली भरून नेली आणि चार दिवसांनी अहवाल आला. ताईने तो काकांपुढे धरला.

"बसलं मापात? म्हणजे टिकलो आपण?"

"टिकलो, काका. सोमवारपासून दुसरी पाळी सुरू."

मित्रांनो, तुमच्या घरातलं, शाळेतलं पाणी वापरून झाल्यावर कुठे जातं, ते मोठ्यांना विचारा. "तुला काय करायचंय?" असं कुणी म्हणालं, तर पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत हटू नका.