मालकांनी दाखवलेला सिनेमा

सुट्टीच्या दिवशी मालकांनी सगळ्या कामगारांना पोराबाळांसकट सात रस्त्याजवळच्या थिएटरात सिनेमा दाखवला. मी त्यांच्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. माझी नाजनीन सकाळपासून नुसती उड्या मारत होती.

सिनेमात एक लोभी कारखानदार नदी नासवतो. मासे मरतात, ससे रडतात. मग एक चिमुरडी त्याला मिठी मारते, तो ढसाढसा रडतो, गाणं सुरू होतं आणि गाणं संपेपर्यंत नदी निवळते. दंड नाही, कोर्ट नाही, कुणाच्या अंगाला साधी खाजसुद्धा नाही! मला खुर्चीत बसवेना. पुढच्या रांगेत मालक रुमालानं डोळे पुसत होते, ते बघून माझं डोकंच फिरलं. त्यांच्या रंगखात्यामुळं आमच्या घरामागचा नाला रोज लाल नाहीतर निळा वाहतो. फक्त कारखान्याच्या सुट्टीला पाणी नितळ असतं, तेव्हा पोरं त्यात होड्या सोडतात.

बाहेर पडताना मालकांनी नाजनीनचा गाल ओढला. "काय बेटा, आवडला का सिनेमा?"

"लई आवडला," ती म्हणाली. "पण शेवटी त्यांच्या कारखान्याला सुट्टी होती ना?"

"सुट्टी? कशावरून?"

"नदी साफ होती की."

आसपासच्या बाया पदराआड हसल्या. तिला दटावायला मी सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मालक घाईनं गाडीकडे वळले. तेवढ्यात ती मागून ओरडली, "काका, उद्या कुठला रंग?"