माझ्या पोटातल्या तीन डब्या

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. जिभल्या चाटू नका, माझ्यात आइस्क्रीम कधीच नव्हतं. विस्मरणाच्या आजारावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, उणे ऐंशी अंशांवर, मी माणसांच्या मेंदूचे तुकडे जपत होतो. मरणानंतरचं दान म्हणून लोक मोठ्या विश्वासाने ते देऊन जात.

माझ्या वरच्या कप्प्यात एकाच घरातल्या तिघींच्या डब्या होत्या: आई, मावशी आणि ताई. पन्नाशीच्या आतच तिघी पोटच्या पोरांनाही ओळखेनाशा झाल्या होत्या. मागे उरली ताईची धाकटी बहीण. ती शिवणकाम करायची. दर वर्षी येऊन संशोधक बाईंना विचारायची, "काही कळलं का हो? मला दोन मुली आहेत." बाई म्हणायच्या, "तिघींचे नमुने ताडून बघतेय. थोडा धीर धरा."

तेव्हा माझा तोरा काय विचारता! पाहुणे आले की बाई मला थोपटून म्हणत, "ही आमची तिजोरी." मी आतल्या आत फुगायचो.

पुढे माझ्या दाराचं रबर सैल पडलं, गारवा निसटू लागला आणि माझा धोक्याचा भोंगा ऊठसूट बोंबलू लागला. रोज मरे त्याला कोण रडे? दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. शेवटी कुणीतरी वैतागून भोंग्याची वायरच काढून टाकली.

मग जोडून तीन दिवस सुट्टी आली आणि पहिल्याच सकाळी माझा कॉम्प्रेसर बंद पडला. मी ओरडणार तरी कशाने? आतल्या बर्फाचं पाणी होताना मला कळत होतं. चौथ्या दिवशी बाईंनी दार उघडलं आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. असे नमुने एकदा वितळले की पुन्हा गोठवून उपयोग नसतो. बारा वर्षांची मेहनत मातीमोल झाली. मला माझीच शरम वाटली.

धाकटी आली तेव्हा बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परवा मी एका झग्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

बाईंनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"तो अर्ज द्या बाई, मेंदू द्यायचा. धड सही करता येतेय तोवर करून टाकते. त्या तिघींचं गेलं ते गेलं. माझा तरी नीट सांभाळा."

मित्रांनो, एखादं यंत्र कुरकुरलं तर त्याचं तोंड बांधू नका, आधी त्याला काय होतंय ते बघा. मी उद्या भंगारात जाईन, माझं काही नाही. पण ती सही करून गेली आहे, आणि तिचं दान ठेवायला या खोलीत दुसरा फ्रीझर नाही.