पालथा बसवलेला ओटा

मित्रांनो, मला पाहिलंत तर आधी माझ्या पुढच्या कडेवरच्या खाचा तुमच्या डोळ्यांत भरतील, आणि तुम्ही म्हणाल, हा ओटा काय उंदरांनी कुरतडलाय? म्हणा खुशाल. आजवर पुष्कळजण म्हणाले. मी एका टेलरमास्तरांच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे. इथं येऊन मला चौदा वर्षं झाली. दगडाला चौदा वर्षं म्हणजे काहीच नाही, पण या चौदा वर्षांत मी जे पाहिलं ते डोंगरात असताना लाख वर्षांत पाहिलं नव्हतं.

माझा दगड संगजिऱ्याचा. काही लोक सोपस्टोन म्हणतात, कारण हाताला तो साबणासारखा लागतो. दगडांच्या जातीत आम्ही मवाळच. सुताराच्या करवतीनंसुद्धा कापले जातो, नखानं ओरखडा उठतो. पण आमच्यावर तापलेलं भांडं ठेवा, लिंबू पिळा, शाई सांडा, आम्ही हूं की चूं करत नाही आणि डागही धरत नाही. खाणीतून काढल्यावर मला यंत्रानं चिरलं आणि माझं एक अंग घासून घासून गुळगुळीत केलं. दुसरं अंग तसंच खडबडीत ठेवलं. ते खाली जाणार, कोण बघतंय? वखारीत मी भिंतीला टेकून उभा असायचो आणि येणारं-जाणारं माणूस माझ्या त्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवून जायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मास्तरांच्या घरी तेव्हा पांढऱ्या टाइल्सचा जुना ओटा होता. टाइल्स फुटल्या होत्या, त्यांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. एरवी त्यांनी तो तसाच चालवून घेतला असता. पण मास्तरांच्या बायकोची नजर जात चालली होती. घरात सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. आईला समोरचं दिसायचं, पण दोन्ही कडा काळ्या होत होत्या, आणि तो काळोख दर महिन्याला थोडा आत सरकत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सात-आठ महिने धरून चाला. जे शिकायचं ते आताच हातांना शिकवून ठेवा."

त्याच आठवड्यात तापलेलं पातेलं कुठं टेकवावं ते न दिसून आईचा हात भाजला. मुलगी घाबरली. ती तेव्हा नोकरीला लागलेली, हुशार, आणि आईवर जीव टाकणारी. ती म्हणाली, "आई, बास झालं. आता तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. मी आहे ना." आणि तिनं बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची मांडली, तिच्यावर मऊ उशी ठेवली.

आई चार दिवस त्या खुर्चीत बसली. पाचव्या दिवशी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, "अहो, डोळे जातायत ते मी सोसीन. पण बसल्या जागी आयता घास घशाखाली उतरत नाही हो. माझं स्वयंपाकघर तेवढं काढून घेऊ नका."

मास्तर बोलण्यात कच्चे आणि हाताला पक्के. ते उठले आणि शेजारच्या सुताराकडे गेले. सुतारानं त्यांना माझं नाव सांगितलं. मास्तरांनी वखारीत फोन करून दगडाचा नमुना मागवला. तळहाताएवढा तुकडा आला. आईनं त्याच्यावर तापलेला तवा ठेवला, लिंबू पिळलं, मग तो धुऊन गार झाल्यावर गाल टेकवून पाहिला. "हाच," ती म्हणाली. "याच्यावर गरम भांडं कुठंही टेकवलं तरी चालेल. शोधत बसायला नको." मुलगी म्हणाली, "बाबा, ओटा बदलून नजर परत येणार आहे का?" मास्तरांनी पुन्हा वखारीत फोन लावला. वखारवाला म्हणाला, आमची माणसं येऊन बसवतील, पण दोन महिने थांबावं लागेल. आईजवळ दोन महिने वाया घालवायला नव्हते. मास्तर म्हणाले, "नुसता दगड पाठवा. कापायचं आणि बसवायचं मी बघतो."

असा मी या घरी आलो. चौघांनी मला आरसा नेतात तसा उभा धरून आणला. दगड आडवा धरला तर स्वतःच्याच वजनानं मध्ये मोडतो, हे सुतारानं सगळ्यांना दहादा बजावलं होतं.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण अशी चूक फक्त शिंपीच करू जाणे. मास्तरांनी जुन्या ओट्याचं माप खाकी कागदावर घेतलं. डावीकडे सिंक, उजवीकडे गॅसची शेगडी, आणि डाव्या हाताला मागच्या कोपऱ्यात भिंतीचा खांब पुढे आलेला, तेवढा तुकडा कापायचा. आईच्या हातांना तीस वर्षं हीच मांडणी पाठ होती. तिच्यात एक वीतभरही बदल करायचा नाही, असं ठरलं होतं. माप अगदी बिनचूक होतं. पण शिंपी कापड नेहमी उलट्या बाजूनं आखतो, कारण सुलट बाजूवर खडूची रेघ नको. कापड उलटं, म्हणून वरचा कागदही उलटा ठेवायचा. चाळीस वर्षांची ही सवय. मास्तरांच्या हातांनी कागद उलटा टाकला, खडूनं आखला आणि कापायला घेतलं. पण मी कापड नव्हतो. माझं गुळगुळीत अंग, म्हणजे सुलट अंग, वरच होतं.

दिवसभर करवत चालली. संध्याकाळी सुतार आला, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरात डोकावून आला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मास्तर, सिंक उजवीकडे आलंय."

मास्तरांनी खाकी कागद उचलून पुन्हा माझ्यावर धरून पाहिला. त्यांच्या भुवयांवर माझी पांढरी धूळ होती. मुलगी म्हणाली, "मग नुसतं फिरवून बसवा ना." सुतारानं मान हलवली. "फिरवला तर खांबाचा कापलेला कोपरा पुढे येईल. नवीन दगडच मागवावा लागणार." म्हणजे आणखी कित्येक आठवडे. आयुष्यात त्यांनी कुणाचा कपडा बिघडवला नव्हता, आणि बिघडवलं ते नेमकं हे. मला त्यांची कीव आली, आणि स्वतःचीही आली. आता मी कुठंतरी अंगणात धुणं आपटायला जाणार, असं मला वाटलं.

आई भिंत धरून आली. तिनं माझ्या भोवती एक फेरी मारली, सिंकच्या भोकात हात घालून त्याच्या कडा चाचपल्या. मग म्हणाली, "अहो, कपडा शिवून झाला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? सुलट करतो."

"मग ह्यालाही करा की."

मास्तरांनी मान वर केली. मग सुतार हसायला लागला. "वहिनी बरोबर बोलतायत, मास्तर. उलथा याला. सगळं जागेवर येतं."

सगळं जागेवर येत होतं, फक्त मी सोडून. माझं गुळगुळीत अंग आता खाली जाणार होतं आणि खडबडीत अंग वर येणार होतं. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते मी अंगावर घेतलं. चौघांनी मला पालथा केला, भोकाजवळच्या अरुंद पट्टीला खालून फळी धरून, श्वास रोखून. त्यानंतर नऊ दिवस घासकाम चाललं. फळीच्या तुकड्याला पॉलिशपेपर गुंडाळून, पाणी मारत मारत, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. मास्तर चष्मा लावून घासायचे आणि म्हणायचे, "झालं बघ." आई तळहात फिरवायची. "नाही झालं. इथं उंचवटा आहे." मास्तर वाकून बघत. त्यांना काही दिसायचं नाही. सुतारालाही दिसायचं नाही. पण घासलं की तिथून पीठ निघायचं. चौथ्या दिवसापासून मास्तरांनी पॉलिशपेपर तिच्याच हातात दिला आणि स्वतः पाणी घालायला लागले. मुलगी दारात उभी राहून बघायची. सहाव्या दिवशी तिनं पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या आणि तीही घासायला बसली.

शेवटी मला तेल लावलं. राखाडी होतो तो काळाभोर झालो. यंत्रानं केलेलं माझं अंग यापेक्षा जास्त चकाकत होतं, हे कबूल करतो. पण ते कुणी नऊ दिवस कुरवाळलं नव्हतं.

ओटा बसला आणि दुसऱ्याच दिवशी आईनं कानस मागितली. माझ्या पुढच्या कडेवर, सिंकसमोर एक खाच, चिरायच्या फळीसमोर दोन आणि शेगडीसमोर तीन. मुलगी ओरडली, "आई, नव्या ओट्याला कानस?" आई म्हणाली, "डोळे मिट आणि बोट फिरव. काय लागलं?" मुलीनं डोळे मिटले. "तीन." "मग तू शेगडीपाशी आहेस. हात जपून." त्या दिवशी मुलीनं बाहेरच्या खोलीतली ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकली.

आठव्या महिन्यात आईची नजर पूर्ण गेली. त्या सकाळी ती माझ्यापाशी आली, दोन्ही हात माझ्यावर ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि रडली. मग तिनं बोट फिरवलं. एक, दोन, तीन. दूध तापवलं. ते उतूही गेलं नाही.

पुढची अकरा वर्षं आई माझ्यावर राबली. माझ्या अंगावर सुरीचे ओरखडे उठले, एका कोपऱ्याचा टवका उडाला. दर महिन्याला मास्तर मला तेल लावायचे आणि ओरखडे घासून काढायचे. खाचा मात्र ते जुना दात घासायचा ब्रश घेऊन स्वच्छ करायचे. शेजारणी यायच्या, म्हणायच्या, "दिसत नसूनही तुमच्याकडे एक शीत इकडचं तिकडे नाही." आई म्हणायची, "ओटा शहाणा आहे." एवढं कौतुक मला कोणत्याही वखारीत मिळालं नसतं.

मग आई गेली. आजार चार दिवसांचा. मुलगी लग्न होऊन दुसरीकडे राहत होती, ती डबा पाठवू लागली. वर्षभरानं मास्तरांनी शिलाईही बंद केली. लोकांना सांगायचे, आता हात थरथरतात. मला कुणी तेल लावेना. मी पुन्हा राखाडी झालो, माझ्यावर रिकाम्या डब्यांची चवड साचली, खाचांत मळ भरला. मित्रांनो, दगडालाही एकटं वाटतं. गेल्या हिवाळ्यात मास्तर पुन्हा माझ्याकडे यायला लागले. रोज सकाळी यायचे, कडेवरून सावकाश बोट फिरवायचे. मला वाटायचं, आईची आठवण काढतायत. मीही किती भोळा.

परवा मुलगी आली. माझी दशा बघून तिला भरून आलं. तिनं पॉलिशवाल्याला बोलावलं. "वरचं सगळं घासा, आणि ही कडही सरळ करून टाका. बाबांच्या हाताला लागेल." पॉलिशवाल्यानं यंत्र जोडलं आणि कडेशी आणलं. इतक्यात मास्तरांनी आपला हात तीन खाचांवर ठेवला.

"बाबा, हात काढा ना."

"वरचं हवं तेवढं घास," मास्तर पॉलिशवाल्याला म्हणाले. "कडेला हात लावायचा नाही."

"अहो बाबा, त्या खाचा आईसाठी होत्या. आता आई कुठं आहे?"

"आई नाही," मास्तर म्हणाले. "मी आहे ना अजून."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर तिच्याशी बोलत होते, त्यांचं तोंड तिच्या आवाजाकडे होतं, पण डोळे दुसरीकडेच. तिनं पॉलिशवाल्याला खुणेनं यंत्र बंद करायला लावलं.

"कधीपासून, बाबा?"

"वर्ष होईल. डोळ्यांच्या नसा सुकल्यात म्हणतात. दुकान त्याच पायी बंद केलं."

"मला का नाही सांगितलं?"

मास्तरांनी बोटानं एक खाच चाचपली. "सांगितलं असतं तर तू माळ्यावरची खुर्ची खाली काढली असतीस."

मुलीला हुंदका आला. तो तिनं तोंडावर हात दाबून आतल्या आत गिळला, पण माझ्यावर दोन थेंब पडले ते मला समजले. पॉलिशवाला खाली बघत वायर गुंडाळत राहिला. मग मुलीनं डोळे पुसले, रिकामे डबे उचलून खाली ठेवले, माझ्यावर जागा केली आणि दोन पावलं मागे सरली.

"बाबा," ती म्हणाली, "मी लांबून आलेय. चहा करता का माझ्यासाठी?"

मास्तरांचं बोट माझ्या कडेवरून निघालं. एका खाचेपाशी त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं. दोन खाचा ओलांडून पुढे गेले. तीन खाचांपाशी थांबले. काडी ओढली, तेव्हा मुलीचे हात पुढे आले होते, पण ते तिनं पाठीमागे घट्ट धरून ठेवले. चहा झाला. मास्तरांनी तापलेलं पातेलं माझ्यावर टेकवलं, जागा शोधत न बसता, जिथं टेकलं तिथं.

मित्रांनो, जुन्या वस्तू स्वच्छ ठेवा, त्यांना तेलपाणी करा, त्यांचे टवके भरून काढा. पण एखादी खूण खरवडून टाकण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा, ही तुझ्या कामाची आहे का म्हणून. काल मुलीनं मला तेल लावलं आणि दात घासायच्या ब्रशनं खाचांतला मळ काढला. आज सकाळी मास्तरांना सिंकपाशीची पहिली खाच एका झटक्यात सापडली.