एवारिस्तोच्या होडीला देवमासा शिवत नाही

त्या हिवाळ्यात सान इग्नासिओच्या खाडीत सगळ्यांच्या होड्यांना देवमासे अंग घासून गेले, एकट्या एवारिस्तोची होडी तेवढी राहिली. एवारिस्तोला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या मते देवमासा म्हणजे एक अजागळ जनावर. उत्तरेच्या बर्फातून इतक्या लांब पोहत यायचं, इथे बाळंत व्हायचं आणि देवमासे बघायला आलेल्या परक्या बायकांकडून नाक चोळून घ्यायचं, यात कसलं आलंय शहाणपण? त्या बायका तर त्याहून वरताण. तोंडावर सडक्या कोबीचा वास मारणारा फवारा उडाला, की यांचा म्हणे जीव निवला. चांगले दाढीवाले बाप्येही हुंदके द्यायचे. एवारिस्तो तोंड फिरवून पाण्यात थुंकायचा.

पण नावाड्यांच्या संस्थेला सोयरसुतक होतं. संस्थेचा प्रमुख गाबिनो सकाळी कॉफीचा पेला घेऊन किनाऱ्यावर आला. या गाबिनोला वल्हं धरायला एवारिस्तोनेच शिकवलेलं.

"काका, पाहुणे तक्रार करतायत. आज जनावर आलं नाही, तर उद्यापासून होडी दुसऱ्याकडे देतो."

"पाहुण्यांना सांग, मासा माझ्या घरी कामाला नाही."

"बाकीच्यांकडे येतो की."

"बाकीचे गाणी म्हणतात, शिट्ट्या मारतात. मी नावाडी आहे, सर्कशीतला विदूषक नाही."

"मग बसा किनाऱ्यावर शिंपले सोलत," गाबिनो म्हणाला आणि निघून गेला.

हे मात्र झोंबलं. शिंपले सोलायला बसायचे ते हात थरथरणारे म्हातारे. होडी गेली की एवारिस्तोला गावात कुत्रं विचारणार नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे होडीत बसले. त्यांच्याशी गोड बोलायला एवारिस्तोची मुलगी ओदिलिया नेहमीसारखी पुढे बसली. खाडीचा नियम असा, की देवमाशामागे लागायचं नाही. इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचं आणि वाट बघायची, यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. पाहुणे वाकून हातांनी पाणी थापटू लागले. 'पोरं न्हाऊ घालतायत जशी,' एवारिस्तो मनात म्हणाला. तेवढ्यात एक मादी पिल्लू घेऊन सरळ होडीकडे आली. अगदी जवळ आली आणि वळून गेली.

ओदिलिया पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत मागे आली आणि खाली बघत उभी राहिली.

"बाबा, पाय."

"काय झालं पायाला?"

"टाच आपटताय तुम्ही तळावर. रोज हेच चाललं होतं का?"

एवारिस्तोने खाली पाहिलं. टाच खरंच आपटत होती. जुने कोळी देवमाशाला सैतान म्हणायचे. जवळपास त्याचा फुस्कारा ऐकू आला की होडीचा तळ ठोकायचे, म्हणजे तो दूर राहायचा. वल्ह्याने ठोकत, ते हाताशी नसलं तर टाचेने. पाहुणे येऊ लागले तशी सगळ्या गावाने ती सवय सोडली. आपणही सोडली, अशी एवारिस्तोची समजूत होती.

"बूट चावतोय," तो म्हणाला.

"भिता तुम्ही," ओदिलिया हळूच म्हणाली. "साऱ्या जगाला मूर्ख ठरवता, आणि भिता."

पाहुणे नसते तर त्याने तिला दोन शब्द सुनावले असते. पण मादी पुन्हा येत होती. त्याने दोन्ही हातांनी गुडघा आवळून धरला. पिल्लू पुढे पाहुण्यांकडे गेलंच नाही, थेट त्याच्यापाशी आलं, होडीच्या काठावर हनुवटी टेकवली आणि तसंच राहिलं. पाहुणे रडत, हसत, एकमेकांना तुडवत मागे धावले. एवारिस्तोने हात लावला नाही. तो नुसता बघत राहिला.

किनाऱ्यावर गाबिनो हसत सामोरा आला. "पिल्लू आलं म्हणे काका! घ्या, होडी तुमचीच."

एवारिस्तो वाळूत बसला. ओदिलियाने टॉर्टियात घेवडा गुंडाळून हातात दिला, तो हातातच राहिला.

"आता काय बिनसलं?" गाबिनोने विचारलं.

"माझी धाकटी बहीण होती. रेमेदिओस. पाच वर्षांची."

ओदिलियाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"असेच दिवस होते. पोर तापाने फणफणली होती. खाडीपलीकडच्या वस्तीवर डॉक्टर आलेला. बाप म्हणाला, माद्या पिल्लं घेऊन मध्ये बसल्यात, होडी घालायची नाही. आई त्याच्या पाया पडली. मी म्हटलं, बाबा बरोबर सांगतात. सैतानाच्या तोंडात कोण जाईल? तिसऱ्या दिवशी पोर गेली."

खाडीत कुणाच्या तरी होडीतून टाळ्या ऐकू आल्या. एवारिस्तोने तिकडे पाहिलं.

"हनुवटी टेकवून बसलं होतं गं ते," तो ओदिलियाला म्हणाला. "शेळीच्या करडासारखं. मधून होडी नेली असती, तर काहीसुद्धा केलं नसतं त्यांनी."